शंका संगणकाच्या: बॅकअप गेला, कुलूप राहिलं

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, झाली की या पानाकडे पत्रांचा ढीग येतो आणि त्यातली निम्मी एकाच दुखण्याची असतात. होतं काय, ऑफिस चार दिवस बंद, सर्व्हरच्या खोलीकडे कोण फिरकत नाही, रात्रीचा बॅकअप आपला आपण चालू असतो, मध्येच काहीतरी बिनसतं, आणि माणूस पातोळ्या-नेवऱ्या पचवून सोमवारी खुर्चीत बसतो तर कुठलंतरी काम तीन दिवसांपासून गोल गोल फिरतंय, नाहीतर मशीनवर कुलपाचं चित्र आलंय. म्हणून यावेळचं सगळं पान अर्धवट राहिलेल्या बॅकअपना दिलंय. मशीन म्हणजे इथे व्हीएम, एका सर्व्हरच्या आत चालणारा आभासी संगणक. कमांड उच्चाराप्रमाणे छापल्यात, टाईप अर्थातच इंग्रजीत करायच्या, आणि मशीनचा नंबर आपापला घाला, पत्रातला बघून १०५ घातलात तर पुढचं तुमचं तुम्ही बघा.

प्रश्न (कुंडईहून एक वाचक): आमच्या फॅक्टरीत प्रॉक्समॉक्सवर (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) ६ व्हीएम आहेत, बॅकअप रोज रात्री नॅसवर (नेटवर्कवरचा डिस्कचा डबा) जातो. चवथीच्या आदल्या दिवशी गडगडाट होता म्हणून कोणीतरी नॅसचा प्लग काढून ठेवला, सर्व्हर मात्र यूपीएसवर चालूच राहिला. परत आलो तर बॅकअपचा टास्क तीन दिवस चालू दिसत होता, स्टॉप दाबलं तरी थांबेना, शेवटी मी किल नाईन (जबरदस्तीने बंद करायची कमांड) मारलं आणि प्लग लावला. टास्क गेला पण १०५ नंबरच्या मशीनवर कुलूप राहिलंय, नवीन बॅकअप 'व्हीएम इज लॉक्ड' म्हणून फेल होतो. त्यात अकाउंट्स आहे, पात्रांव (मालक) डोक्यावर उभा आहे. नेटवर एक म्हणतो बिनधास्त अनलॉक कर, दुसरा म्हणतो डेटा जाईल. कोणाचं ऐकू?

उत्तर: दोघांचंही अर्धं अर्धं ऐका. अनलॉक करायचंच आहे, पण शेवटी.

आधी हे कुलूप काय आहे ते बघा, कारण नाव कुलूप असलं तरी ती साधी चिठ्ठी आहे. बॅकअप सुरू करताना व्हीझेडडंप, म्हणजे प्रॉक्समॉक्सचा बॅकअपचा प्रोग्रॅम, त्या मशीनच्या कॉन्फिग फाईलमध्ये लॉक, बॅकअप अशी एक ओळ लिहून ठेवतो आणि काम संपलं की स्वतःच पुसतो. ती ओळ आहे तोवर प्रॉक्समॉक्स त्या मशीनचं मायग्रेशन (दुसऱ्या सर्व्हरवर हलवणं), स्नॅपशॉट (त्या क्षणाची स्थिती धरून ठेवणं), दुसरा बॅकअप असलं काही करू देत नाही. आता लिहिणाऱ्यालाच तुम्ही किल नाईन मारलंत, मग पुसणार कोण, ओळ तशीच राहिली. 'क्यूएम अनलॉक १०५' ही कमांड फक्त ती ओळ पुसते, तुमच्या डेटाला हात लावत नाही, आणि हेही ध्यानात ठेवा की आत बॅकअप खरोखर चालू असेल तर त्यालाही ती थांबवत नाही. दुसऱ्याची भीती यातूनच येते. चिठ्ठी फाडली म्हणून आतला माणूस बाहेर येत नाही, फक्त दार उघडं आहे असं बाहेरच्यांना वाटतं.

म्हणून आधी आत कोण आहे ते बघायचं. शेलमध्ये जाऊन 'पीएस' मध्ये, म्हणजे चालू प्रोसेसच्या यादीत, व्हीझेडडंप शोधा. दिसला आणि त्याच्या स्थितीच्या रकान्यात मोठं डी असेल तर तो डिस्कच्या उत्तराची वाट बघत अडकलाय, असल्या प्रोसेसवर किल नाईन पण चालत नाही, कितीदाही मारा, कर्नल त्याला त्या वाटेतून सोडतच नाही. एनएफएसवरचा, म्हणजे नेटवर्कवरून फोल्डरसारखा जोडलेला, नॅस गायब झाला की हमखास हेच होतं. तुमचा स्टॉप का चालला नाही त्याचं कारण हे, आणि मला तर वाटतं तुमचं किल नाईनसुद्धा चाललं नव्हतं, प्लग लावल्यावर नॅस परत आला तेव्हा ते लागू झालं. म्हणजे औषध प्लगच होतं. पुढच्या वेळी क्रम उलटा करा, आधी नॅस जिवंत करा, पाच-दहा मिनिटं थांबा, बऱ्याचदा टास्क स्वतःच एरर देऊन संपतो आणि जाताना कुलूपही काढतो.

व्हीझेडडंप कुठेच दिसत नाही म्हणून लगेच अनलॉक करू नका, अजून एक जागा बघायची राहिली आणि तिथेच लोक फसतात. प्रॉक्समॉक्समध्ये व्हीएमचा बॅकअप खरं म्हणजे व्हीझेडडंप करतच नाही, तो फक्त मुकादम, डिस्क वाचायचं काम मशीनची स्वतःची क्यूईएमयू प्रोसेस, म्हणजे मशीन चालवणारा प्रोग्रॅम, करते. मुकादम मेला तरी कामगार आत राबत असू शकतो. 'क्यूएम मॉनिटर १०५' टाकून आत जा, तिथे 'इन्फो बॅकअप' टाका, चालू दिसला तर 'बॅकअप कॅन्सल', मधे अंडरस्कोर. हे केलं नाही आणि नुसतं अनलॉक केलं तर नवीन बॅकअप घेताना प्रीव्हियस बॅकअप नॉट फिनिश्ड असा मेसेज येतो आणि मग माणूस म्हणतो अनलॉक करूनही होत नाही, प्रॉक्समॉक्सच बेकार.

त्या तीन दिवसांत अकाउंट्सची मशीन हँग झाल्यासारखी वाटली का ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण वाटली असेल तर नवल नाही. बॅकअप चालू असताना मशीनला एखादा ब्लॉक बदलायचा असेल तर आधी जुना ब्लॉक बॅकअपकडे पाठवला जातो, मग नवीन लिहिला जातो. पलीकडे नॅसच नाही तर जुना ब्लॉक जाणार कुठे, मग लिहिणंही अडतं आणि विंडोज गप्प बसतं. यासाठीच प्रॉक्समॉक्स ८.२ पासून, म्हणजे २०२४ पासून, फ्लीसिंग नावाची सोय आलीये, जुना ब्लॉक नॅसची वाट न बघता जवळच्या वेगवान डिस्कवर तात्पुरता ठेवायचा. नॅस स्लो असेल तर जरूर चालू करा. फक्त अशी वाटेत मेलेली फ्लीसिंगही मागे उरते, स्टोरेजमध्ये व्हीएम-१०५-फ्लीस अशा नावाची डिस्क दिसली तर ती तिचीच, बॅकअप चालू नाही याची खात्री करून मग काढा.

मशीन हँग व्हायचं दुसरं कारण गेस्ट एजंटचं, म्हणजे मशीनच्या आत बसवलेल्या मदतनीस प्रोग्रॅमचं. बॅकअप सुरू होताना एजंट आतली फाईल सिस्टीम क्षणभर गोठवतो आणि लगेच सोडतो, त्या क्षणातच गडबड झाली तर गोठलेली तशीच राहते. 'क्यूएम एजंट १०५' च्या पुढे 'एफएसफ्रीझ-स्टेटस' टाकून विचारा, फ्रोझन म्हणाला तर तसंच 'एफएसफ्रीझ-थॉ'.

हे सगळं झालं की मग अनलॉक. त्यानंतर नॅसच्या डंप फोल्डरमध्ये जाऊन बघा, व्हीझेडडंप-क्यूईएमयू-१०५ आणि तारीख असं नाव आणि शेवटी डॉट डॅट असलेली फाईल सापडेल. पूर्ण झालेल्या बॅकअपचं नाव असं संपत नाही, डॅट म्हणजे अर्धाच लिहिलेला, रिस्टोअरला शून्य उपयोगाचा, आणि जुने बॅकअप आपोआप पुसणारा जो नियम तुम्ही लावलाय तो यांना बॅकअप समजतच नाही, त्यामुळे त्या वर्षानुवर्षं जागा खातात. मी एकदा फोंड्यात एका ठिकाणी गेलो होतो, नॅस भरला म्हणून दुसरा घ्यायला निघालेले, कोटेशन पण आलेलं, आणि आत बघतो तर अकरा डॅट फाईली.

मग हाताने एक बॅकअप चालवा आणि शेवटपर्यंत बसून बघा. त्या गडबडीत मशीन बंद-चालू केली असेल आणि तुम्ही प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर वापरत असाल तर पहिला बॅकअप लांबेल, बदललेल्या ब्लॉकची यादी मशीन बंद होताना जाते म्हणून तो सगळी डिस्क परत वाचतो. ते बिघाडाचं लक्षण नाही, घाबरून परत किल नाईन मारू नका.

आणि त्या प्लगवर चिकटपट्टी लावून 'काढू नये' असं लिहा, किंवा त्याहून बरं, नॅससुद्धा यूपीएसवर घ्या. सर्व्हर यूपीएसवर आणि नॅस भिंतीवर ही वाटणी मला गोव्यात दर दुसऱ्या ऑफिसात दिसते.

प्रश्न (पणजीहून, पाटो भागातल्या ऑफिसातला सिस्टीमवाला): आमच्याकडे व्हीएमवेअर (व्हीएम चालवणारं दुसरं सॉफ्टवेअर) आहे, व्हीस्फिअर ७. फाईल सर्व्हरवर पिवळी खूण येऊन 'कन्सॉलिडेशन नीडेड' असं सांगतंय. स्नॅपशॉट मॅनेजर उघडला तर रिकामा, पण डेटास्टोअरच्या (व्हीएमच्या डिस्क ठेवायची जागा) फोल्डरात ०००००१ पासून ०००००९ पर्यंत व्हीएमडीके (डिस्कच्या) फाईली आहेत आणि डेटास्टोअर भरत आलाय. शिवाय बॅकअपची जी प्रॉक्सी मशीन (बॅकअपसाठी डिस्क वाचणारी) आहे तिला दोन डिस्क जोडलेल्या दिसतात, त्या आम्ही लावलेल्या नाहीत. व्हेंडर म्हणतो जुन्या फाईली उडवा. उडवू का?

उत्तर: नको! हात मागे घ्या आणि व्हेंडरला चहा पाजून घरी पाठवा.

वाण्याच्या दुकानात असते तशी पक्की वही आणि कच्ची वही आठवा. बॅकअपवाला म्हणतो मला पक्की वही झेरॉक्सला हवी, तोपर्यंत तुम्ही कच्च्या वहीत लिहा. व्हीएमवेअर स्नॅपशॉट घेतं म्हणजे हेच करतं, मूळ व्हीएमडीके बंद करून नवीन लिखाण ०००००१ मध्ये. झेरॉक्स झाली की कच्च्यातल्या नोंदी पक्कीत चढवायच्या आणि कच्ची फाडायची, यालाच कन्सॉलिडेशन म्हणतात. तुमच्याकडे नोंदी चढवायच्या राहिल्या आणि दुसऱ्या रात्री बॅकअपने दुसरी कच्ची वही सुरू केली, तिसऱ्या रात्री तिसरी, अशा नऊ. नऊपैकी एक जरी वही 'जुनी आहे' म्हणून फाडलीत तर त्या दिवसाचा हिशेब तर गेलाच, पण पुढच्या सगळ्या वह्या मागच्या वहीवर बेतलेल्या असल्याने अख्खी मशीन उठत नाही. स्नॅपशॉट मॅनेजर रिकामा आहे याचा अर्थ यादी हरवलीये एवढाच, वह्या आहेत.

उरलेल्या गोष्टी मुरू द्याव्यात हे काल्च्या कडीच्या, म्हणजे आदल्या दिवशीच्या उरलेल्या आमटीच्या, बाबतीत खरं आहे, सकाळी पोदेराकडचा गरम पाव आणि आटलेली कडी, त्याला तोड नाही. स्नॅपशॉट मात्र मुरत नाही, नासतो. व्हीएमवेअरचं स्वतःचं म्हणणं एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका, साखळीत ३२ पर्यंत चालतात पण दोन-तीनच्या वर जाऊ नका. चवथीची सुट्टी आणि तिला चिकटून रविवार आला की ७२ तास तिथेच संपले. आणि प्रत्येक कच्ची वही वाढत वाढत मूळ डिस्कएवढी होऊ शकते, म्हणून डेटास्टोअर भरतोय.

आता त्या प्रॉक्सीच्या दोन अनोळखी डिस्क. सगळ्याचं मूळ बहुतेक तिथेच आहे. बॅकअप सॉफ्टवेअर हॉट-ॲड पद्धतीने चालतं तेव्हा फाईल सर्व्हरची मूळ डिस्क चालू असतानाच प्रॉक्सीला जोडून वाचतं आणि वाचून झालं की सोडतं. सोडायचं राहिलं, प्रॉक्सी हँग झाली म्हणा किंवा मध्येच रीस्टार्ट झाली म्हणा, तर डिस्क तिच्या हातात राहते, फाईलवर लॉक राहतो आणि नोंदी पक्कीत चढत नाहीत. म्हणून आधी बॅकअपचं एकही काम चालू नाही ते बघा, मग प्रॉक्सीच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक डिस्कच्या फाईलचा पत्ता वाचा, ज्यात फाईल सर्व्हरच्या फोल्डरचं नाव आहे ती परकी, ती काढा. काढताना एक खूण समोर येते, डेटास्टोअरमधल्या फाईलीसुद्धा डिलीट करू का अशी. ती खूण करायची नाही. परत लिहितो, करायची नाही, नुसतं मशीनपासून वेगळं करायचं.

हे मी एवढं ठासून का सांगतोय, तर मी स्वतः ती खूण केलेली आहे. काही वर्षांपूर्वी, किनाऱ्यावरचं एक हॉटेल, ऐन सीझन, मशीन दुरुस्तीसाठी बंद केलेली, प्रॉक्सीला चिकटलेली डिस्क दिसली, मला वाटलं बॅकअपची तात्पुरती कॉपी असणार, खूण केली आणि ओके. ती कॉपी नव्हती, पाहुण्यांच्या बिलांची मूळ डिस्कच होती. मशीन चालू असती तर लॉकने बहुतेक वाचवलं असतं, पण बंद होती. आदल्या रात्रीचा बॅकअप धड होता म्हणून वाचलो, तरी एका दिवसाची बिलं कागदावरून परत टाईप करायला आम्ही तिघं रात्री अडीचपर्यंत बसलो होतो आणि हॉटेलच्या मॅनेजरने त्यानंतर मला पाणीसुद्धा विचारलं नाही.

तर डिस्क नीट सोडवलीत की मशीनवर उजवं क्लिक, स्नॅपशॉट्स, कन्सॉलिडेट. त्याआधी डेटास्टोअरवर जागा करा, जुन्या आयएसओ (इन्स्टॉल करायच्या डिस्कच्या फाईली) काढा, एखादी कमी महत्त्वाची मशीन दुसरीकडे हलवा, नोंदी चढवतानाही जागा लागते आणि काम चालू असताना फाईल सर्व्हर लिहीतच असतो. शक्यतो रात्री करा. नुसतं कन्सॉलिडेट चाललं नाही तर जुनी युक्ती आहे, एक नवीन स्नॅपशॉट घ्यायचा, मेमरीशिवाय, आणि मग डिलीट ऑल, म्हणजे हरवलेल्या वह्यांनाही तो सोबत घेतो. तरीही फाईल लॉक्ड म्हणत असेल तर कुठल्या होस्टने, म्हणजे खऱ्या सर्व्हरने, धरून ठेवलीये ते ईएसएक्सआयच्या (होस्टवरचं व्हीएमवेअर) शेलमध्ये 'व्हीएमएफएस-फाईल-लॉक-इन्फो' या कमांडने कळतं, सगळं जोडून लिहायचं, आणि मग त्याच होस्टवरचे होस्टडी आणि व्हीपीएक्सए हे दोन एजंट रीस्टार्ट करायचे. चालू मशीन बंद पडत नाहीत, फक्त व्हीसेंटरमध्ये, म्हणजे सगळे होस्ट सांभाळायच्या पानावर, होस्ट थोडा वेळ करडा दिसतो.

काम ९९ टक्क्यांवर जाऊन तासन् तास बसेल. बसू दे. ९९ हा आकडा काही खरा नसतो, कामाचा मोठा भाग तिथेच चालू असतो. फोल्डरात फाईलींच्या वेळा बदलतायत का बघा, बदलत असतील तर काम चालू आहे. अशा वेळी मशीनचं पॉवर बटण दाबणं म्हणजे फेरीबोट मांडवीच्या मधोमध असताना फळी खाली टाकायला सांगणं.

मशीनच्या मेनूतला मायग्रेट हा पर्याय करडा झालाय का तेही जाता जाता बघा. काही बॅकअप सॉफ्टवेअर काम चालू असताना मशीन हलवायला बंदी घालतात आणि मेले की बंदी उठवायची राहते. बंदी व्हीसेंटरच्या डेटाबेसमध्ये असते. तिथे हात घालायची हौस नसेल तर मशीन बंद करून इन्व्हेंटरीतून काढायची आणि परत नोंदवायची, पण मग व्हीसेंटर तिला नवीन ओळख देतं आणि तुमच्या बॅकअपच्या लेखी ती नवीन मशीन होते, म्हणून जॉबमध्ये जाऊन परत निवडावी लागते. हे विसरून तीन महिने बॅकअपशिवाय राहिलेले लोक मला माहीत आहेत.

आणि व्हीस्फिअर ७ चा सपोर्ट २०२५ च्या ऑक्टोबरात संपला, तो विषय पात्रांवकडे कधीतरी काढा.

प्रश्न (म्हापशाहून एक ताई, सीएच्या ऑफिसात सगळं बघतात): आमचा हायपर-व्ही (मायक्रोसॉफ्टचं व्हीएमचं सॉफ्टवेअर) आहे. एक चेकपॉइंट (तिथला स्नॅपशॉट) उरलाय, उजवं क्लिक केलं तर डिलीटचा पर्यायच येत नाही. स्टेटसमध्ये 'बॅकिंग अप' असं कालपासून. सप्टेंबरचं ऑडिट तोंडावर आहे, सर्व्हर रीस्टार्ट करायला सर परवानगी देत नाहीत.

उत्तर: ताई, सरांना सांगा रीस्टार्ट नकोच आहे.

डिलीट येत नाही कारण हा तुम्ही घेतलेला चेकपॉइंट नाही, बॅकअपने स्वतःसाठी घेतलेला रिकव्हरी चेकपॉइंट आहे आणि हायपर-व्ही मॅनेजर तो माणसाच्या हातात देत नाही. पॉवरशेल, म्हणजे विंडोजची कमांड टाकायची खिडकी, ॲडमिन म्हणून उघडा, 'गेट-व्हीएमस्नॅपशॉट' ने मशीनचं नाव देऊन आधी नुसती यादी बघा, तोच एक आहे ना खात्री करा, मग त्यालाच पुढे 'रिमूव्ह-व्हीएमस्नॅपशॉट' ला पाइप करा, म्हणजे मधे उभी रेघ टाकून जोडा. मर्ज, म्हणजे नोंदी पक्कीत चढवणं, चालू मशीनवरच होतं, २०१२ च्या सर्व्हरपासून ही सोय आहे, लोक काम करत राहतील, जरा हळू वाटेल एवढंच.

पण बॅकिंग अप गेलं नसेल तर त्याआधी बॅकअप सॉफ्टवेअरच्या बाजूने काम रद्द करा. तिथे काही चालूच नसेल तर 'व्हीएसएसॲडमिन लिस्ट रायटर्स' चालवा आणि हायपर-व्हीच्या रायटरपुढे (बॅकअपसाठी मशीन तयार करून देणारा भाग) फेल्ड किंवा कसलातरी एरर आहे का बघा. असेल तर हायपर-व्हीची व्हर्च्युअल मशीन मॅनेजमेंट सर्व्हिस, व्हीएमएमएस, रीस्टार्ट करायची. नाव मोठं आहे म्हणून घाबरू नका, मशीन वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतात, ही सर्व्हिस फक्त देखरेख करते, ती पडून उठली तरी आतल्या मशीनना पत्ता लागत नाही. मी तरी हे जेवणाच्या सुट्टीत करतो, उगाच कोणी फोन करू नये म्हणून.

एव्हीएचडीएक्स ही फाईल दिसली तर ती वर सांगितलेली कच्ची वहीच. यादीत चेकपॉइंट नाही पण सेटिंगमध्ये मशीन अजून एव्हीएचडीएक्सवरच चालतेय असं दिसलं तर मात्र मशीन बंद करून, अख्ख्या फोल्डरची कॉपी ठेवून, एडिट डिस्कमधून सगळ्यात नवीन फाईल तिच्या आईत, म्हणजे ती ज्या फाईलीवर बेतलीये तिच्यात, मर्ज करायची, मग त्याच्या आधीची, असं करत मूळ डिस्कपर्यंत. ते ऑडिट झाल्यावर करा. तोवर त्या ड्राईव्हवर जागा किती उरलीये त्याकडे रोज बघा, जागा संपली की हायपर-व्ही मशीनला थांबवून ठेवतं आणि ते नेमकं सर ऑफिसात असतानाच होतं.

प्रश्न (डिचोलीहून): कुलपांचा कंटाळा येऊन मी क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप काम चालवायची सोय) स्क्रिप्ट टाकलीये, रोज सकाळी ७ वाजता प्रॉक्समॉक्सच्या सगळ्या व्हीएमना अनलॉक. सहा महिने झकास चाललंय. वाचकांना सांगाल का?

उत्तर: सांगतो, करू नका म्हणून सांगतो.

सहा महिने झकास चाललं कारण तुमचा बॅकअप सातच्या आत संपतोय. महिनाअखेरीला डेटा वाढला, नॅस स्लो झाला, बॅकअप आठपर्यंत गेला, की तुमची स्क्रिप्ट चालू कामाची चिठ्ठी फाडणार आणि त्याच वेळी कोणीतरी त्या मशीनची डिस्क हलवली किंवा रोलबॅक केलं, म्हणजे जुन्या स्नॅपशॉटवर परत नेली, तर पुढे काय होईल त्याची मी कल्पना करत नाही. शिवाय कुलपावर नेहमी बॅकअपच लिहिलेलं असतं असंही नाही, मायग्रेट, रोलबॅक, स्नॅपशॉट-डिलीट अशीही कुलपं असतात, तुमची स्क्रिप्ट न वाचताच सगळी फाडते. मायग्रेटचं कुलूप अर्ध्यात फाडलं तर मशीन नक्की कुठल्या नोडवर (सर्व्हरवर) आहे हा प्रश्न उभा राहतो.

स्क्रिप्ट ठेवा, फक्त तिचे हात बांधा. कॉन्फिगमध्ये लॉकची ओळ कुठे आहे, व्हीझेडडंप चालू आहे का, डंप फोल्डरात एक दिवसापेक्षा जुनी डॅट फाईल आहे का, एवढं बघून तुम्हाला मेल करू दे. तुमच्याकडे कंटेनर (व्हीएमचा हलका भाऊ) असतील तर त्यांचं थोडं वेगळं, तिथे बॅकअप खरोखर स्टोरेजवर व्हीझेडडंप नावाचा स्नॅपशॉट घेतो आणि मेला की तो मागे राहतो. बहुतेक वेळा पुढचा बॅकअपच जुना सापडला म्हणून तो काढून टाकतो, नाही निघाला तर 'पीसीटी डेलस्नॅपशॉट', कंटेनरचा नंबर, स्नॅपशॉटचं नाव आणि शेवटी दोन डॅश लावून फोर्स. पण हेही हाताने, क्रॉनने नाही. आणि सकाळी ७ च्या ऐवजी मेल साडेआठला येऊ दे, चहा झाल्यावर.

प्रश्न (काणकोणहून): एक्ससीपी-एनजी (हेही व्हीएमचंच सॉफ्टवेअर). बॅकअप फेल, 'स्नॅपशॉट चेन इज टू लाँग'. जुने स्नॅपशॉट सगळे डिलीट केले तरी तोच मेसेज.

उत्तर: डिलीट केलेत ते बरोबरच, पण तिथे डिलीट म्हणजे फक्त खूण केली जाते, डिस्का एकमेकीत मिसळायचं काम, कोलेस, मागाहून सावकाश होतं. व्हीएचडीची, म्हणजे तिथल्या डिस्कच्या फाईलींची, साखळी ३० पर्यंतच चालते, तुम्ही तिथे पोचलात. आता बॅकअपचं वेळापत्रक थांबवा, नाहीतर एकीकडे तो मिसळतोय आणि दुसरीकडे तुम्ही नवीन कडी जोडताय. झेन ऑर्केस्ट्रामध्ये (एक्ससीपी-एनजी सांभाळायचं सॉफ्टवेअर) हेल्थच्या पानावर कंट्रोल डोमेनला (होस्टचा कारभार बघणारी खास व्हीएम) चिकटलेल्या व्हीडीआय, म्हणजे व्हीएमच्या डिस्क, दिसतायत का बघा, अर्धवट बॅकअपने धरून ठेवलेल्या डिस्क तिथे सापडतात, बॅकअप चालू नसताना त्या सोडवा. 'एक्सई टास्क-लिस्ट' मध्ये जुनी मढी पडली असतील तर 'टास्क-कॅन्सल', त्यानेही जात नसतील तर 'एक्सई-टूलस्टॅक-रीस्टार्ट', व्हीएम चालू राहतात, फक्त त्या वेळी दुसरं कुठलं आयात-निर्यात किंवा मायग्रेशन चालू नाही ते आधी बघा. मग एसआर (स्टोरेज) रीस्कॅन करा, स्टोरेजवर पुरेशी मोकळी जागा आहे ना ते पण बघा, नसेल तर कोलेस चालतच नाही, आणि रात्रभर सोडा. सकाळी साखळी आखडलेली दिसली तर एक बॅकअप हाताने घ्या. दिसली नाही तर एसएम लॉगमधल्या (स्टोरेजच्या कामाची नोंदवही) शेवटच्या वीस ओळींसकट परत लिहा, पुढच्या अंकात बघू.